गोधडीचा घास

माझी माय आमच्या वस्तीची गोधडीवाली होती. शिंपी नव्हे. शिंप्याकडे मशीन असतं, कैची असते, गळ्यात टेप असतो. मायजवळ एक सुई, खराट्याची एक काडी आणि स्वतःची बोटं एवढंच होतं. काडी वीतभर आणि वर चार बोटं अशी तोडलेली, ती चौकोनासाठी. पट्टीला काडी लागत नसे, ती तीन बोटांनी मापायची. कापड कापायचा प्रश्नच नव्हता. दातानं कडेला चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी ओढायचं, की टर्रकन सरळ रेषेत फाटत जायचं. तो आवाज ऐकला की मी जिथं असेन तिथून धावत घरी यायची, कारण गोधडी सुरू झाली म्हणजे चार-सहा दिवस आमच्या अंगणात बायकांची ये-जा असे आणि कुणी ना कुणी ओच्यातून बोरं किंवा भाजलेल्या शेंगा आणत असे. वर्ध्याजवळच्या सेलूच्या बाजूचं आमचं गाव लहानसं. कापसाच्या जिनाचा भोंगा स्पष्ट ऐकू येई, आणि वारा तिकडचा असला तर मालगाडीचाही खडखडाट. त्या भोंग्यावर आमचं घर चालायचं. बा जिनात हमाल होते. भोंग्याआधी त्यांची भाकर बांधून तयार ठेवायची आणि भोंग्यानंतर मायनं गोधडी अंथरायची, असा नेम होता.

अंगण शेणानं सारवून वाळलं की माय आधी जुनं लुगडं दुमडून खाली घालायची. चार कोपऱ्यांवर चार दगड. त्यावर विटलेली, विरलेली धोतरं, लुगडी, फडकी यांचे थर, कुठंही गुठळी राहणार नाही असे तळव्यानं दाबत दाबत. आणि सगळ्यांत वर तोंडाचं कापड. मायची खरी कला तिथं होती. इतर बायका मिळेल ते ठिगळ मिळेल तिथं लावत. माय आधी एक कापड निवडायची. घरातलं सगळ्यांत जिव्हाळ्याचं. त्याचे नऊ चौकोन फाडायची, तीन ओळींत तीन-तीन मांडायची, आणि त्यांच्या मधून, भोवतीनं साध्या कापडाच्या लांब पट्ट्या जोडत जायची. शेतात धुरे, म्हणजे बांध असतात तशा. मग कडेपासून आत, आतून आणखी आत, धावदोऱ्याच्या ओळी. दोरा मी पुरवायची. आमच्या शाळेत टकळीवर सूत काढायला शिकवत, आणि माझं सूत इतकं गाठीगाठीचं निघे की गुरुजी ते परत करत. "तुह्या गुरुजीले म्हणावं, असंच नापास करत जा," माय म्हणायची. ते परत आलेलं सूत दुहेरी करून, मेण लावून तिनं कितीक गोधड्या शिवल्या.

आता गोधड्या प्रदर्शनात भिंतीला टांगतात. मागं वर्ध्याला एका प्रदर्शनात मी गेले होते. एक तरुण मुलगी मला गोधडीतलं सौंदर्य समजावून सांगत होती. मी ऐकून घेतलं. चाळीस वर्षं मास्तरीण होते, ऐकून घेणं कधी जमलं नाही, पण त्या दिवशी घेतलं. तिला घासाबद्दल काही ठाऊक नव्हतं आणि माझ्या तोंडून ते निघालं नाही. ते इथं लिहून ठेवते.

आमच्याकडे गोधडी शिवून होत आली की एक कोपरा चार बोटं उघडा ठेवत. त्याला गोधडीचं तोंड म्हणत. त्या तोंडात भाकरीचा नाहीतर पोळीचा एक घास भरायचा, हळद-कुंकू लावायचं आणि मग तोंड शिवायचं. घास न भरता शिवलेली गोधडी उपाशी राहते, आणि उपाशी गोधडी पांघरणाऱ्याला खाते, असं जुन्या बायका सांगत. मायनं जन्मात एकही गोधडी उपाशी ठेवली नव्हती.

मग दीक्षेचं वर्ष आलं. आम्ही सगळे पांढरे कपडे घालून नागपूरला गेलो आणि परत आलो ते दुसरेच होऊन. बा परत आल्या आल्या देव्हाऱ्यातले टाक, तांदूळ, शेंदराचा गोटा, सगळं एका पोत्यात भरून बोर नदीत सोडून आले. माय दारात उभी होती. देव्हाऱ्याच्या जागी पडलेला तेलाचा काळा डाग तिनं मातीनं लिंपून टाकला. वस्तीत वाचता येणारी मुलगी मी एकटी. दर आठवड्याला सगळे जमत आणि मी मधे उभी राहून बावीस प्रतिज्ञा वाचायची. बा खाली मान घालून ऐकत, आणि माझा आवाज कुठं अडला नाही म्हणजे हळूच डोळे पुसत. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. बारा वर्षांची होते. अर्ध्या शब्दांचा अर्थ कळत नव्हता, पण जुनं सगळं खोटं आहे एवढं मात्र मला पक्कं कळलं होतं.

माझी मोठी बहीण शेवंती गिरडच्या टेकडीच्या पायथ्याकडच्या एका गावी दिली होती. तिची दोन लेकरं गेली होती. पहिला मुलगा नऊ दिवसांचा होऊन, दुसरी मुलगी पाचवी पुजायच्याही आधी. दोन्ही बाळंतपणं आमच्याकडे झाली होती, म्हणून तिसऱ्या वेळी सासरच्यांनी निरोप पाठवला, "तुमच्या घरचं पाणी पोरीले लाभत नाई. या खेपी ती इथंच राहीन." सासूनं गिरडच्या दर्ग्यावर नवसही बोलला होता. बांना तो नवस आवडला नाही, पण लेकीच्या सासरी कोण बोलणार? मायनं एवढंच विचारलं, "मी जाऊ का तिच्यापाशी?" बा म्हणाले, "बोलावलं नाई त्यायनं. बिनबोलावता कसं जाशीन?" त्या दिवशी अंबाडीची भाजी आणि भाकर मायनं आम्हा दोघांना वाढली आणि स्वतः जेवली नाही. दुसऱ्या दिवशी टर्रकन आवाज आला. मला जाता येत नाही तर माझ्या हातची गोधडी तरी तिच्या अंगावर राहील, असा तिचा हिशेब होता. ती तसं बोलली नाही. पण घरात दुसरा कुठला विषयच नव्हता.

नऊ चौकोनांसाठी तिनं शेवंतीचा लहानपणीचा परकर काढला. हिरव्या जमिनीवर तांबडी फुलं असलेलं छिट. बांनी वर्ध्याच्या बाजारातून कधीतरी आणलेलं, आमच्या घरात आलेलं पहिलं फुलांचं कापड. पण परकर घेरापाशी इतका विरला होता की त्यातून आठच धड चौकोन निघाले. नववा कुठून आणायचा? त्याच तुकड्यातलं उरलेलं कापड घालून पुढं माझं झंपर शिवलं होतं, आणि ते अजून चांगलं होतं. माय माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "मी काय घालू मंग शाळेत?" ती म्हणाली, "तुले दुसरं होईन बाई. तिले दुसरं काय हाये?" मी झंपर काढून दिलं, पण तोंड फुगवून दिलं. माणूस वाईट वागलेलं विसरतो असं म्हणतात. मी विसरलेले नाही.

गोधडी होत आली तेव्हा एके सकाळी बा भाकर बांधून घेता घेता म्हणाले, "शेवंतीच्या गोधडीत काई भरू नोको." माय चुलीकडे तोंड करून होती. बा म्हणाले, "आपण शबद देऊन आलो. आता अर्धं इकडं अन् अर्धं तिकडं, असं नाई चालत. आयकून राह्यली न?" माय म्हणाली, "आयकून राह्यली." भोंगा झाला, बा गेले. मग मायनं डब्याच्या तळातून गव्हाचं पीठ काढलं. आमच्याकडे वर्षभर ज्वारी. गहू सणालाच दिसायचा. मूठभर पिठाची तिनं तळहाताएवढी एकच पोळी लाटली, तेलाचं बोट फिरवून खरपूस भाजली आणि पळसाच्या पानावर ठेवून पान माझ्याजवळ, गोधडीच्या उघड्या कोपऱ्याशी आणून ठेवलं.

"तोंड आज तू शीव," ती म्हणाली. "मी भरला घास, तं तुह्या बापाचा शबद मोडते. नाई भरला, तं माहा जीव खाते मले. तू शिकलेली हायेस. तुले जसं वाटन तसं कर. मी नदीवर धुणं घेऊन जातो." एवढं बोलून ती टोपलं घेऊन निघाली. एकदाही मागं वळली नाही.

आज त्या बारा वर्षांच्या मुलीच्या मनात काय होतं ते मला नीट मांडता येणार नाही. पण एक गोष्ट खरी की तिला शेवंतीची आठवण फारशी आली नाही. तिला आठवण आली ती प्रतिज्ञा वाचताना सगळ्यांनी आपल्याकडे बघण्याची. आपण वाचायचं आणि आपणच मोडायचं? मी सुईत दोरा ओवला आणि रिकाम्या कोपऱ्याचं तोंड बारीक टाक्यांनी शिवून टाकलं. मग पोळी उरली. ती तशीच पानावर ठेवली तर मायला कळणार. कोंबड्यांना घालावी म्हणून उचलली, आणि तेलाचा, भाजलेल्या गव्हाचा वास आला. मी ती खाल्ली. सगळी खाल्ली, पानाला लागलेलं तेलही पुसून खाल्लं. माय परत आली. रिकामं पान बघितलं. "झालं?" तिनं विचारलं. "झालं," मी म्हटलं. ती गोधडीपाशी बसली, घडी घातली, कडेवरून हात फिरवला आणि कितीतरी दिवसांनी त्या दिवशी पोटभर जेवली. आपण केलं ते बरंच केलं, असं मला वाटलं.

भाऊजी बैलगाडी घेऊन आले आणि गोधडी घेऊन गेले. मायनं त्यांना फक्त सांगितलं, "तिले म्हणजो, नऊ चौकोन छातीवर येतीन अशी पांघरजो." मग पावसाळा आला आणि पोळ्याच्या आधीची झड लागली. काळ्या मातीत गाडीची चाकं रुतत होती. त्या झडीतच एक माणूस भिजत आमच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला की शेवंतीला दोन दिवसांपासून कळा येताहेत, लवकर चला. माय-बा तसेच निघाले. मला शेजारच्या जनाबाईकडे ठेवलं. जनाबाई वस्तीतली सगळ्यांत म्हातारी सुईण. तिच्या हातावर माझा जन्म झालेला. तिसऱ्या दिवशी मी तिच्या ओट्यावर बसले होते तेव्हा माय चिखलातून चालत येताना दिसली. तिच्या छातीशी गोधडी होती. परत आणली, शेवंतीला आवडली नाही वाटतं, असं मला वाटलं. मग गोधडी रडली.

शेवंती दवाखान्यापर्यंत पोचलीच नव्हती. गाडी नाल्यापाशी अडली आणि तिथंच तिचं रक्त थांबेना. मुलगी मात्र नाल्याच्या अलीकडेच झाली होती, धडधाकट. सासूनं तिच्याकडे बघितलंही नाही, म्हणून माय उचलून घेऊन आली. बांनी तिचं नाव सुजाता ठेवलं. हे सगळं मी आज चार ओळींत लिहिते आहे. तेव्हा मला एवढंच कळत होतं की शेवंतीच्या गोधडीचा घास माझ्या पोटात आहे. मी वाचायची त्या प्रतिज्ञा मला तोंडपाठ होत्या. त्यातली एकही कामाला आली नाही. मी आडोशाला जाऊन घशात बोटं घातली. पोळी खाऊन कितीतरी महिने झाले होते, तरी घातली.

चौथ्या-पाचव्या दिवशी बायका भेटायला आल्या. बा दाराशी बसले होते, मी सुजाताला मांडीवर घेऊन कोपऱ्यात. जनाबाईनं मायच्या पाठीवरून हात फिरवला आणि सहज, वाईट मनात न आणता विचारलं, "काऊन वो, गोधडीत घास भरला होता न?" मायनं मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "भरला होता. माह्या हातानं भरला. गव्हाच्या पोळीचा."

बा उठले आणि पायात चपला न घालता बाहेर गेले. आठ दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. लेक गेल्याचं दुःख एकीकडे, आणि बायकोनं आपला शब्द मोडला, तोही चारचौघांत कबूल केला, हे दुसरीकडे. माय त्यांच्यापुढं भाकर ठेवायची, ते खाली बघून खायचे. मी एका वाक्यानं हे थांबवू शकले असते. मी तोंड उघडलं नाही. मला वाटलं, तिला खरंच वाटतंय की घास भरला गेला. तेवढाच तिला आधार आहे, तो कशाला काढून घ्या. असं मी मला समजावलं. खरं कारण साधं होतं, माझी हिंमत झाली नाही. बा पुढं पंधरा-सोळा वर्षांनी गेले, तोपर्यंत त्यांच्या मनात मायनं शब्द मोडल्याचंच राहिलं. ते तिच्याशी बोलायला लागले, हसायलाही लागले, पण गोधडी अंथरलेली दिसली की अंगण ओलांडून न येता मागच्या बाजूनं घरात शिरत. त्यांनी तिला कधी माफ केलं की नाही मला माहीत नाही.

मी शिकले, शिक्षिका झाले, वर्ध्याला घर केलं. सुजाता आमच्याकडेच वाढली, तिचं लग्न झालं, ती नर्स झाली. माय म्हातारपणी माझ्याकडे राहायला आली. एका दुपारी ती ओसरीत बसून तुरीची डाळ निवडत होती. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. खडे ती बोटांनीच ओळखायची. सुजाता नुकतीच भेटून गेली होती, तिच्या लेकराचं कौतुक करून माय खुशीत होती. मला कसं कोण जाणे त्याच क्षणी बोलावंसं वाटलं. मी तिच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, "माय, शेवंतीच्या गोधडीत घास नोता. म्या नाई भरला. पोळी म्या खाल्ली होती."

तिची बोटं डाळीतून फिरत राहिली. "मले माहीत हाये," ती म्हणाली.

"कवापासून?"

"त्याच दिवशीपासून. कोपरा चाचपला न मी. घास हाताले लागते." मग तिला थोडं हसू आलं. "गव्हाची पोळी होती. लेकरू होतीस. खाल्ली असशीन, म्हटलं."

जनाबाईला दिलेलं ते उत्तर, बांचं ते उठून जाणं, ते आठ दिवस आणि नंतरची सगळी वर्षं, हे सगळं तिनं जाणून-बुजून अंगावर घेतलं होतं. मी विचारलं, "मंग उसवलं काऊन नाई? दुसरा घास काऊन नाई भरला?"

"भरणारच होती. सुई घेतली होती हातात." तिनं सूप खाली ठेवलं. "मंग मनात आलं, मी जलमभर भेत आली. देवाले भेली, पाटलाले भेली, सासूले भेली. लोकायच्या सावलीले भेली. अन् माही एवढीशी पोरगी भेली नाई. म्हटलं, जिले भेव नाई तिच्या हातचं तोंड राहू दे. तेच पांघरू दे शेवंतीले."

"अन् ती गेल्यावर?"

मायनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "गेल्यावर लय वाटलं," ती म्हणाली. "अजून वाटते. कधी म्हणतो, घासानं काय होते, नाला आडवा आला. कधी म्हणतो, भरला असता तं? पण तुले नाई सांगतलं. जनाबाईनं इचारलं तवा तुह्याकडं पाह्यलं मी. म्हटलं, आता हिच्यावर आलं, तं पोरगी भेईन. एकदा भेली का मंग जलमभर भेते बाई. तू नाई भेली न?"

सुजाताला लहानपणी नुसता ताप आला तरी मी त्या गोधडीचा कोपरा मुठीत धरून बसायची. वर्गात पोरींना अंधश्रद्धेवर धडा शिकवताना फळ्याकडे तोंड करून उभी राहायची. माझ्या स्वतःच्या लेकरांसाठी मी एकही गोधडी शिवली नाही, विकतच्या रजया आणल्या, कारण शेवटचं तोंड शिवायची मला हिंमत नव्हती. मायचे अंधुक डोळे माझ्या चेहऱ्यावर होते आणि ती उत्तराची वाट बघत होती.

"नाई माय," मी म्हटलं. "मी कधीच नाई भेली."